आवाजाचे तोंड : औंढ्याच्या देवळापासून मधल्या स्पीकरपर्यंत

औंढा नागनाथाची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले, ते मागल्या बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. या प्रसंगाचा उल्लेख नामदेवांच्या नावाने १६०४ साली संकलित झालेल्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. तेथे गावाचे नाव नाही, पण आपल्याकडील परंपरेने तो औंढ्याशी कायमचा जोडून टाकला. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानली जाणारी नर्सी आणि हे औंढे, दोन्ही आज हिंगोली जिल्ह्यात येतात. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, म्हणजे कथेच्या मानाने अगदीच तान्हा.

कथेचा अर्थ सहसा जातीच्या आणि भक्तीच्या अंगाने लावला जातो आणि तो योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातला एक लहानसा तपशील फार दिवस छळत होता. देऊळ फिरण्याच्या आधी, काही काळ का होईना, तेथे एक विचित्र स्थिती असली पाहिजे. माणसांची तोंडे एका दिशेला आणि आवाज भलत्याच दिशेकडून! समोर पाहायचे ते मुके आणि ऐकायचे ते पाठीमागे. कथेला ही विसंगती सहन झाली नाही. तिने गाणाऱ्याला हलवले नाही, ऐकणाऱ्यालाही हलवले नाही, तर सारे दगडी देऊळ उचलून फिरवले. आवाजाला तोंड असते आणि ऐकणाऱ्याने त्या तोंडासमोर असावे, ही जाणीव आपल्या परंपरेत किती खोल आहे, याची यापेक्षा मोठी साक्ष आम्हांला तरी ठाऊक नाही.

आता हे सारे आज का आठवावे? त्याचे कारण घरगुती आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना ते काहीसे हलकेही वाटेल. आमच्या हिंगोलीच्या घरातील होम थिएटर बदलायचे होते.

२००६ च्या सुमारास आम्ही एक तयार संच आणला होता. पाच डबडी आणि एक सबवूफर. मेघगर्जना झाली की खिडक्यांची तावदाने वाजत आणि शेजारची मुले खूश होत. पण घरात ज्यांच्यासाठी तो आणला ते नाना, आमचे वडील, आयुष्यभर मराठी शिकवलेले शिक्षक, हळूहळू चित्रपट पाहायचे सोडून देऊ लागले. विचारले तर म्हणत, "आवाज लई येतो रे. शब्द येत नाहीत." आम्ही हे वयाचे म्हणून सोडून दिले. आवाज वाढवला. गर्जना वाढली, शब्द वाढले नाहीत. पुढे बोलण्याच्या प्रसंगी आवाज वर आणि मारामारीला खाली, असा रिमोट चालवणे हेच घरातील एकाचे काम होऊन बसले. एका माणसाचा भाषेशी असलेला संबंध आपल्या दिवाणखान्यात, आपल्या डोळ्यांदेखत तुटत चालला आहे आणि आपण त्याला बहिरेपण म्हणून मोकळे होत आहोत, हे लक्षात यायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. नानांचे कान थकले होते हे खरेच. पण दोष निम्म्याहून अधिक त्या मधल्या डब्याचा होता. तो टीव्हीखाली, आडवा, कपाटाच्या फळीवर ढकललेला, वीतभर लांबीचा. चित्रपटातील बहुतेक सगळे बोलणे त्याच्या वाट्याला, आणि पैसे, जागा व आदर यांत त्याचा वाटा सर्वांत कमी.

असे का झाले असावे, याचा शोध घेताना आम्ही बरेच मागे गेलो.

वारकरी कीर्तनाची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. कीर्तनकार मध्यभागी, पुढे. मागे वीणा गळ्यात घेतलेला विणेकरी, एका अंगाला मृदंग, आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. निरूपण मधून येते. ध्रुपद दोन्ही बाजूंनी उचलले जाते. शब्द मध्यभागी आणि नाद दुतर्फा, ही रचना कोणा अभियंत्याने काढलेली नव्हे. तिच्यातली आणखी एक खुबी अशी की, कीर्तनकार चरण सोडतो आणि टाळकरी तो उचलतात तेव्हा सांधा कळू नये, अशी अपेक्षा असते. एका बाजूचे टाळकरी फारच वेगळ्या गळ्याचे निघाले तर चरण मध्येच पडल्यासारखा वाटतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. नांदेडच्या दुकानात ती आमच्या कामी आली.

मग भोंगा आला. मराठवाड्यातील ज्या पिढीने कीर्तन, भाषण, लग्नाची गाणी आणि निवडणुकीचा प्रचार हे सारे लिंबाच्या फांदीला बांधलेल्या भोंग्यातून ऐकले, त्या पिढीचे आम्ही. भोंग्याची थोरवी नाकारता येत नाही. कर्ण्याच्या आकारामुळे थोड्याशा विजेवर तो मैलभर पोचतो, कारण खालचे व वरचे स्वर सोडून देऊन तो आपली सारी शक्ती मधल्या पट्ट्यात घालतो. पण त्याने औंढ्याची मूळ विसंगती परत आणली. लोक कीर्तनकाराकडे पाहत आणि लिंबाचे ऐकत! त्यातही दोन भोंगे दोन दिशांना तोंडे करून बांधले असले की आणखी गंमत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर दूरच्या भोंग्यातला शब्द जवळच्या भोंग्यातल्या शब्दाहून पाव सेकंदापेक्षा अधिक उशिरा पोचतो. एक शब्द संपतो तोच त्याचे भूत मागून येते. ज्या काळात ध्वनिवर्धकामुळे शब्द पूर्वी कधी नव्हता इतक्या लोकांपर्यंत गेला, त्याच काळात त्याचे तोंड हरवले, असे आम्हांला वाटते.

चित्रपटगृहाने हा प्रश्न फार सरळपणे सोडवला होता. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला आणि मराठी बोलपट बोलू लागला. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. तो पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या चित्रपटांना ध्वनीचा एकच मार्ग होता. बांधीव चित्रपटगृहांत पडद्याला बारीक छिद्रे पाडून त्यामागे मध्यभागी ध्वनिवर्धक ठेवीत, म्हणजे पागनिसांच्या तुकारामाचा आवाज तुकारामाच्या ओठांच्या आसपासच कोठेतरी उमटे. जत्रांच्या तंबूंत एवढी चैन नसे, तेथे कर्णे पडद्याच्या आजूबाजूला उभे केलेले असत; तरीही ते पडद्याच्या अंगानेच बोलत. (या फिरत्या तंबूंचा अस्त 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात पाहायला मिळतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा.) थोडक्यात, आपल्या जुन्या बोलपटाला डावे-उजवे ठाऊकच नव्हते. त्याला फक्त मध्य होता.

डावे-उजवे कोठून आले? लंडनच्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याविषयी सांगतात की, पत्नीसह चित्रपट पाहताना त्याला ही गोष्ट खटकली की नट पडद्याच्या एका टोकाला गेला तरी आवाज मात्र मधूनच येतो. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन मार्गांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर व त्यांचे सहकारी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडले होते. त्यांची मूळ कल्पना मोठी सुंदर आहे. वाद्यवृंदासमोर ध्वनिग्राहकांचा एक अखंड पडदा टांगला आणि दूरच्या सभागृहात तितक्याच ध्वनिवर्धकांचा पडदा टांगला, तर तेथील श्रोत्याला वाद्यवृंद समोरच बसल्यासारखा वाटेल. एवढे ध्वनिवर्धक कोण टांगणार! म्हणून त्यांनी संख्या कमी करत आणली आणि तीनपाशी थांबले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तीन मार्गांनी ऐकवला गेला. वाद्यवृंदाचा संचालक स्टोकोव्स्की त्या रात्री वादकांपुढे नव्हता. तो वॉशिंग्टनमध्ये ध्वनीच्या कळा फिरवत बसला होता.

ते दोनवर का थांबले नाहीत, हा आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. दोन ध्वनिवर्धकांच्या नेमके मध्ये बसलेल्या माणसाला मधला आवाज ऐकू येतो, पण तो आभास असतो. माणूस हातभर बाजूला सरकला की तो आभास जवळच्या ध्वनिवर्धकात जाऊन बसतो. सभागृहात मधली खुर्ची एकाच्याच वाट्याला येते. बाकीच्या साऱ्यांसाठी मधला ध्वनिवर्धक खराखुरा असावा लागतो.

एवढे १९३३ सालीच कळले असताना घरात मात्र दोनच का आले? उत्तर गमतीचे आहे. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेला दोनच भिंती असतात! १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या तेव्हा एका भिंतीवर डावा आणि दुसरीवर उजवा आवाज कोरला गेला. तिसऱ्याला जागा नव्हती. एका सुईच्या सोयीसाठी पृथ्वीवरच्या सगळ्या दिवाणखान्यांनी मध्य सोडून दिला. चित्रपटगृहांनी तो सोडला नाही. १९५३ च्या 'द रोब'पासून सिनेमास्कोपच्या चुंबकीय ध्वनीत पडद्यामागे तीन मार्ग आणि प्रेक्षागृहासाठी एक अशी चार मार्गांची रीत पडली. प्रारंभी नट जिकडे जाई तिकडे त्याचा आवाजही नेत. पुढे हे लोकांना विचलित करते असे ध्यानात आले आणि बोलणे मध्यभागी स्थिरावले. आपल्याकडे 'शोले'च्या ७० मिलिमीटरच्या प्रतींना १९७५ साली अनेकमार्गी ध्वनी होता; पण लहान गावांत पोचल्या त्या बहुतेक ३५ च्या साध्या प्रती, एकमार्गी. घरी मध्य परतला तो १९८७ च्या प्रोलॉजिकपासून, आणि सर्वसामान्यांकडे डीव्हीडीबरोबर. तोवर तीसेक वर्षे लोकांना जोडीची सवय झालेली. घरात दोन उंच स्पीकर ही प्रतिष्ठा. तिसरा आला तो उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, टीव्हीखाली जेथे जागा उरली तेथे आडवा झोपला.

हा आडवेपणा निव्वळ अपमानाचा नाही, त्यामागे भौतिकशास्त्राचा तोटा आहे. आडव्या डब्यात सहसा दोन टोकांना दोन एकसारखे वूफर आणि मध्ये ट्वीटर असतो. समोर बसलेल्यापर्यंत दोन्ही वूफरांचा आवाज एकदमच पोचतो. बाजूला बसलेल्याच्या बाबतीत एक वूफर जवळ आणि दुसरा लांब होतो. दोहोंच्या लहरी काही स्वरांवर एकमेकींना खाऊन टाकतात, आणि ते स्वर नेमके बोलण्याच्या पट्ट्यातले असतात. नानांची खाट डाव्या भिंतीला लागून. म्हणजे घरातील ज्या जागी शब्द सर्वांत कमी पोचत, तेथेच शब्दांची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस.

शब्दांचे मरण कोणत्या अक्षरांपासून सुरू होते, हे येथे सांगितले पाहिजे. वयाबरोबर कान आधी वरचे स्वर सोडतो. स्वरवर्ण खाली असतात, ते टिकतात. म्हणून आवाज 'येतो'. स, श, त, थ, च यांचा घर्षणाचा भाग वर असतो, तो जातो. म्हणून शब्द 'येत नाहीत'. जुन्या टेलिफोनचा पट्टा सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतच असे, त्यामुळे त्यावर 'स' आणि 'फ' यांची गल्लत व्हायची. मराठीत तर आणखी एक अडचण आहे. आपले च आणि ज दोन प्रकारचे, तालव्य आणि दंत्य. दंत्याची धार आणखी वरच्या स्वरांत. लिहिताना दोहोंना एकच अक्षर, तेव्हा भेद सारा कानावर सोपवलेला. नाना वर्गात यासाठी नेहमी एकच उदाहरण देत : जरा. दंत्य ज उच्चारला तर थोडेसे, तालव्य उच्चारला तर म्हातारपण.

तर नांदेडचे दुकान. दुकानदाराने कमरेइतके उंच दोन टॉवर दाखवले, भारदस्त, चकचकीत. "सेंटर यासोबत येतोच, सर," असे तो म्हणाला, आणि त्या 'येतोच'मध्ये सगळा इतिहास होता. आम्ही त्याला वाजवायला लावले. गाणे अप्रतिम. मग बोलपटाचा एक प्रसंग लावला : पात्र बोलत बोलत डावीकडून उजवीकडे जाते. डाव्या टॉवरमध्ये त्याचा गळा भरदार, मधल्या डब्यात नाकातला, उजवीकडे पुन्हा भरदार. टाळकऱ्यांनी उचललेला चरण मध्येच पडत होता. समोरचे तीन स्पीकर एकाच गळ्याचे हवेत, ट्वीटर एकच हवा, वूफरचा जातकुळीही एकच हवी, हे पुस्तकात वाचलेले होते, ऐकल्यावर पटले.

मग आम्ही तीन अगदी सारखे, फळीवर उभे राहतील असे मध्यम स्पीकर मागितले. दुकानदाराने आमच्याकडे पाहिले. "ते जोडीनेच येतात, सर. तीन कोण घेतं?" तबकडीच्या खाचेच्या दोन भिंती अजून व्यापार करीत होत्या! अखेर दोन जोड्या घेतल्या. त्या टॉवरांपेक्षा स्वस्तच पडल्या. उंच डब्याने मिळतो तो मुख्यतः खालचा स्वर, आणि साधारण ८० हर्ट्झखालचे सारे सबवूफरकडे सोपवता येते, तेव्हा उंचीचे पैसे आम्ही वाचवले. संवेदनशीलतेचा आकडा मात्र पाहिला. तीन डेसिबलने मंद स्पीकर तितकाच वाजवायचा तर ॲम्प्लिफायरला दुप्पट शक्ती लागते. आमचा जुना रिसीव्हर तसा अशक्तच.

घरी आल्यावर खरी लढाई खोलीशी होती. जुने घर माळवदाचे होते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती; भिंतीतल्या देवळीत रेडिओ असे आणि ओसरीत बसलेल्याला बातम्यांचा शब्द न् शब्द कळे. मातीच्या खडबडीत भिंती आवाज पिऊन टाकत. नव्या घरात स्लॅब, गुळगुळीत गिलावा आणि फरशी. टाळी वाजवली की ती खोलीभर खणखणते. औंढ्याच्या गाभाऱ्यात उतरून ज्यांनी मंत्र ऐकले आहेत त्यांना हा अनुभव परका नाही. त्या लहान, भूमिगत, दगडी जागेत नाद भरून राहतो आणि अक्षरे एकमेकांत विरघळतात. मंत्राला ते शोभते. संवादाला नाही. आम्ही फरशीवर जाड सतरंजी घातली, समोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट हलवले आणि खाटेमागच्या भिंतीवर आजीच्या हातची वाकळ टांगली. पाहुण्यांना ती शोभेची वाटते.

मधला स्पीकर उभा ठेवायचा म्हणून टीव्ही हातभर वर चढवावा लागला, आणि यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे देत नाही. स्पीकर फळीच्या अगदी पुढच्या कडेला आणला, कारण मागे ढकलला की फळीच त्याच्याबरोबर बोलू लागते. खाली एक पाचर देऊन त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे केले. डावा आणि उजवा मधल्या आसनापासून प्रत्येकी तीस अंशांवर. रिसीव्हरमध्ये मधल्याला दोन डेसिबल अधिक दिले. नानांची खाट मात्र हलवली नाही. ते म्हणाले होते, "मी इथंच बसणार." आता हलवण्याची गरजही नव्हती.

पहिल्या संध्याकाळी 'संत तुकाराम' लावला. जुन्या एकमार्गी चित्रपटांचा ध्वनी आज दोन्ही मार्गांत सारखाच भरून दिलेला असतो. रिसीव्हरचे प्रोलॉजिक हे सारखेपण ओळखून तो सगळाच्या सगळा मधल्या स्पीकरकडे पाठवते. चित्र सुरू झाले, चरचर आली, मग माणसे बोलू लागली. नाना काही वेळ स्वस्थ ऐकत राहिले. रिमोट कोणी हातात घेतला नव्हता. अर्ध्या तासाने ते उठले, डाव्या स्पीकरजवळ गेले, त्याच्या जाळीला कान लावला, मग उजव्याजवळ जाऊन तसेच केले.

"नवे आणलेत ना हे? दोन्ही बंद आहेत."

आम्ही सांगितले की बंद नाहीत, या चित्रपटात त्यांना काही काम नाही.

"आणि तो चौथा?"

चौथा अजून खोक्यातच आहे.